मानाचे वैर



या मासिकाच्या पानांवर सिनेमाचा विषय पाहून कित्येक वाचकांच्या भुवया वर जातील. "बुवांना म्हातारपणी हे काय सुचले?" असेही कोणी म्हणेल. त्यांचे म्हणणे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. आमचे आयुष्य टाळ, वीणा आणि पोथी यांत गेले. पाठशाळेत गुरुजींनी रघुवंश आणि कौमुदी घोकून घेतली. तिथे नाटक-सिनेमाचे नाव काढायची सोय नव्हती. पण गेल्या चातुर्मासात गुडघ्याच्या दुखण्याने आम्ही पंधरा दिवस घरात अडकून पडलो. पुण्यास शिकणारा आमचा नातू, मुलीचा मुलगा, तेव्हा सुटीत आला होता. त्याने एका रात्री आपल्या संगणकावर एक इंग्रजी चित्रपट लावला. "आजोबा, यात तुमच्या कीर्तनाचा विषय आहे," म्हणाला. आम्ही हसलो. पण पोर खरे बोलले होते. चित्रपट संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि पुढे पहाटेपर्यंत आम्हांला झोप आली नाही. का आली नाही, ते शेवटी सांगू.

चित्रपटाचे नाव 'द ड्युएलिस्ट्स', म्हणजे द्वंद्वयुद्ध करणारे. रिडली स्कॉट या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. १९७७ साली तो निघाला आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान येथील महोत्सवात पहिल्या कृतीसाठी ठेवलेले पारितोषिक त्याला मिळाले. मूळ कथा जोसेफ कॉनरॅड यांची, १९०८ साली छापलेली. हे गृहस्थ जन्माने पोलिश, बरीच वर्षे खलाशी, आणि लिहिले इंग्रजीत. कथाही अगदीच हवेतली नव्हे. नेपोलियनच्या सैन्यात फूर्निए आणि द्युपाँ नावाचे दोन अधिकारी खरोखर होऊन गेले. १७९४ साली स्ट्रासबर्ग शहरी त्यांची पहिली लढत झाली, आणि पुढे एकोणीस वर्षे ते जिथे गाठ पडेल तिथे एकमेकांवर शस्त्र उचलीत राहिले, असे सांगतात.

आता हे द्वंद्वयुद्ध म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. भीम आणि जरासंध यांचे द्वंद्व आपल्याला ठाऊक आहे. तिथे बंदीत पडलेल्या राजांची सुटका व्हायची होती. युरोपातल्या द्वंद्वात असे काही पदरात पडायचे नसे. कोणी कोणाला टाकून बोलला, कोणाच्या पत्नीविषयी शब्द काढला, कोणी खोटारडा म्हटले, की ज्याला ते लागले तो आव्हान देई. मग दोघांचेही साक्षी एकत्र बसून जागा ठरवीत, हत्यार ठरवीत, किती पावलांवरून गोळी झाडायची ते ठरवीत. बहुधा पहाटेची वेळ असे. सगळे कसे विधिपूर्वक, आपल्याकडे लग्नाची याद करतात तसे! या सगळ्याचा हेतू एकच : मी भ्यालो नाही, हे चार लोकांना दिसावे. मूळ अपमान खरा की खोटा, दोष कोणाचा, याचा निवाडा त्यात होतच नसे. ज्याचे मनगट बळकट तो वाचे. आणि जो आव्हान नाकारी, त्याच्या पंक्तीला दुसऱ्या दिवसापासून कोणी बसत नसे.

राजांनी हे बंद करायचे प्रयत्न केले नाहीत असे नव्हे. फ्रान्सच्या राजाचा प्रधान रिशल्यू याच्या काळात, १६२६ साली, द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान निघाले. बूतव्हील नावाच्या मोठ्या घराण्यातल्या सरदाराने तरीही पॅरिसच्या भर चौकात द्वंद्व खेळले, तेव्हा १६२७ साली त्याचे डोके उडवले गेले. तरी प्रघात थांबला नाही. मृत्यूची भीती माणसाला थांबवू शकली नाही, कारण त्याहून मोठी एक भीती त्याच्या मानेवर बसली होती. तिचे नाव 'लोक काय म्हणतील'.

हे वेड तिकडे शहाण्यासुरत्यांना, मोठ्यांना जडलेले होते. रशियाचा महाकवी पुश्किन १८३७ साली द्वंद्वातल्या जखमेने गेला. फ्रान्सचा गणिती गाल्वा १८३२ साली गेला, तेव्हा त्याचे वय अवघे वीस. हिंदुस्थानच्या भूमीवरही हे घडले. १७ ऑगस्ट १७८० रोजी कलकत्त्यास खुद्द गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातला सभासद फिलिप फ्रान्सिस यांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली. फ्रान्सिसला गोळी लागली, पण तो जगला. कारण काय? इंग्रजांचे त्या वेळी मराठ्यांशी युद्ध चालू होते. त्या युद्धाच्या कामात आडवे येणार नाही असा शब्द देऊन फ्रान्सिसने तो मोडला, असे हेस्टिंग्जने दप्तरी लिहिले. एवढ्या मुलखाला कायदा शिकवायला निघालेले हे दोघे, आणि आपल्या दोघांतला तंटा मिटवायला त्यांना पिस्तुलाखेरीज पंच सापडला नाही! आणि हे फार जुने आहे असेही समजू नका. १९६७ साली फ्रान्सच्या लोकसभेतले दोन सभासद तलवारी घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते. तेव्हा माणूस चंद्रावर जायच्या तयारीत होता.

असो. मूळ पदावर येऊ.

इसवी सन १८००, स्ट्रासबर्ग शहर. फेरो नावाचा घोडदळातला लेफ्टनंट नगराध्यक्षाच्या नात्यातल्या एका तरुणाला द्वंद्वात जबर जखमी करतो. बभ्रा होतो. सेनापती दुबेर नावाच्या दुसऱ्या लेफ्टनंटला हुकूम देतो, की जा आणि फेरोला त्याच्या बिऱ्हाडी नजरकैदेत बसव. फेरो त्या वेळी एका प्रतिष्ठित बाईंच्या दिवाणखान्यात मैफिलीला बसलेला असतो. दुबेर तिथे जाऊन त्याला बाजूला घेतो आणि हुकूम सांगतो. झाले. एवढेच कारण! चार प्रतिष्ठित माणसांत, बाईंसमोर, मला उठवले, हा फेरोचा अपमान. सेनापतीवर तर हात टाकता येत नाही, म्हणून निरोप्यावर राग. बिऱ्हाडी पोचताच तो तलवार उपसतो आणि दुबेरला अंगणात लढायला लावतो. दुबेर त्याला हातावर जखमी करतो, आणि तिथेच फेरोच्या घरातली बाई दुबेरच्या अंगावर धावून जाऊन त्याचे तोंड ओरबाडते. भांडण तिथे संपायला हवे होते.

ते सोळा वर्षे चालले. १८०१ साली ऑग्सबर्ग येथे दुसरी लढत होते, तीत दुबेरच्या छातीला जखम होते. तिसऱ्या वेळी एका तळघरात दोघे जड तलवारी घेऊन इतके लढतात, की शेवटी दोघांनाही उभे राहवत नाही. पाहताना आम्हांला कुस्तीच्या फडाची आठवण झाली, पण कुस्तीतला आनंद तिथे नाही. दोन रक्ताळलेली, धापा टाकणारी जनावरे एकमेकांवर कोसळताहेत, एवढेच दिसते. चित्रपटवाल्यांचे हे कसब मानले पाहिजे, की लढाई त्यांनी शोभिवंत केली नाही. हत्याराचे वजन, हाताचे थकणे, पहाटेची थंडी, मरणापूर्वी पोटात येणारा गोळा, सगळे दाखवले आहे. या भानगडीला कंटाळून दुबेरची मैत्रीण त्याला सोडून जाते.

मग एक गंमत होते. दुबेरला बढती मिळते. वेगवेगळ्या हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांनी द्वंद्व खेळू नये असा सैन्याचा नियम. म्हणून फेरो त्याच्या बरोबरीला येईपर्यंत थांबतो. वैरालासुद्धा बढतीची वाट पाहावी लागते! १८०६ साली ल्यूबेक येथे दोघे घोड्यावरून लढतात, आणि दुबेर फेरोच्या कपाळावर वार करतो. १८१२ साली नेपोलियनची सेना मॉस्कोहून माघारी फिरते. बर्फात माणसे उभ्याउभ्या गोठून मरत आहेत. तिथे या दोघांची गाठ पडते, आणि पिस्तुले हातात येतात न येतात तोच शत्रूचे कोसॅक स्वार चालून येतात. मग दोघे एका बाजूने लढतात आणि एकमेकांमुळे वाचतात. भाविकहो, आम्हांला वाटले, आता तरी मिटेल. मरणाच्या दारातून जोडीने परत आलेली माणसे सख्खे भाऊ होतात. पण नाही. पुढल्या वेळी पिस्तुले, एवढे ठरते आणि वाटा फुटतात.

दोघेही पुढे सेनापतीच्या पदाला चढतात. नेपोलियनचे राज्य बुडते. दुबेर नव्या राजाच्या पदरी राहतो, लग्न करतो, गावी घर करतो. फेरो नेपोलियनचा कट्टर माणूस म्हणून पकडला जातो, आणि देहान्ताच्या यादीत त्याचे नाव लागते. सुटकेनंतर पोलिसांच्या नजरेखाली एका गावात राहत असता त्याला दुबेरच्या भरभराटीची बातमी लागते, आणि १८१६ साली तो पुन्हा आव्हान पाठवतो. झाडीतल्या एका पडक्या गढीत दोघे पिस्तुले घेऊन एकमेकांना हुडकतात. फेरोच्या दोन्ही गोळ्या वाया जातात. दुबेरची शिल्लक असते. तो समोर येऊन उभा राहतो, पण गोळी झाडीत नाही. तो म्हणतो, अशा अर्थाचे, की नियमाप्रमाणे तुझा प्राण आता माझा आहे. तो मी घेत नाही, पण यापुढे माझ्यापुरता तू मेलास, आणि मेलेल्या माणसासारखाच वागशील. इतकी वर्षे तुझ्या मानाचे कायदे मी पाळले, आता तू माझे पाळ. शेवटच्या दृश्यात फेरो एका उंचवट्यावर एकटाच उभा आहे, खाली नदीचे खोरे पसरले आहे, आणि त्याच्याजवळ करण्यासारखे काहीच उरलेले नाही. त्याच्या जगण्याचा आधारच गेला.

आता निरूपण.

कोणीही म्हणेल, यात दोष फेरोचा. तो माथेफिरू, दुबेर बिचारा सज्जन. आम्हीही प्रथम असेच म्हणालो. नातू म्हणाला, "मग आजोबा, तो बिचारा प्रत्येक वेळी गेला का?" या प्रश्नाने आम्हांला अडवले. खरेच, का गेला? त्याला भांडण नको होते, फेरोचा त्याला राग नव्हता, हे सारे निरर्थक आहे हे त्याला पक्के कळत होते. तरी पाच वेळा गेला. कारण न जाता तर पलटणीतली माणसे त्याला भ्याड म्हणाली असती. फेरो आपल्या मानाचा गुलाम होता, आणि दुबेर लोकांच्या तोंडाचा. पहिल्याचे बंधन निदान उघड होते. दुसऱ्याचे बंधन सभ्यपणाच्या शालीखाली झाकलेले होते, म्हणून ते तुटायला सोळा वर्षे लागली.

आणि लोक तरी काय करीत होते? भांडण एवढे लांबले म्हणजे कारण तसेच भयंकर असले पाहिजे, असे जो तो मानू लागला. दुबेर लाजेने कारण सांगेना, तसतशी कुजबुज वाढली. पुढे फेरोने स्वतःच नवे कारण शोधून काढले, की हा मनुष्य सम्राटाशी कधी एकनिष्ठ नव्हताच. दिवाणखान्यातून उठवल्याचा राग सोळा वर्षांनी देशभक्ती होऊन बसला. वैराची ही रीतच आहे. आधी वैर जन्मते, कारण मागाहून बारशाला येते. गावोगावच्या बांधाच्या भांडणांत, भावकीच्या अबोल्यांत जरा डोकावून पाहा. मूळ गोष्ट आज कोणाला आठवत नसते, पण कारणे मात्र दरवर्षी नवी फुटतात.

यावर पूर्वपक्ष उभा राहील. कोणी विचारील, "बुवा, मान सोडायचा म्हणजे काय? कोणीही यावे आणि टपली मारून जावे? मग माणूस आणि किडामुंगी यांत फरक काय?" शंका योग्य आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अपमान आणि अन्याय या दोन वस्तू वेगळ्या आहेत. अपमान माझ्या मनात असतो. अन्याय जगात असतो, आणि तो मी विसरलो तरी दुसऱ्या कोणाला तरी सोसावाच लागतो. म्हणून अपमान गिळावा, अन्याय गिळू नये. दुबळ्याला लुबाडले, बाईवर हात टाकला, कोणाला जातीपायी दारातून परत लावले, तर तिथे क्षमेचा उपदेश करणे हे पाप आहे. असा उपदेश बहुधा तेच करतात ज्यांच्या पायाखाली तो दुबळा असतो. आपल्याच पंढरीत पाहा. पांडुरंगाच्या राउळात हरिजनांना प्रवेश नव्हता. १९४७ साली साने गुरुजी त्यासाठी प्राणांतिक उपोषणाला बसले, आणि दार उघडले. त्यात गुरुजींच्या स्वतःच्या मानाचा प्रश्न नव्हता, कोणाचा सूड नव्हता. विरोधकांनी नाही नाही ते बोलून घेतले असेल. पण त्यांच्या बोलण्याचा हिशेब गुरुजींनी ठेवला नाही, दाराचा ठेवला. फेरो आणि दुबेर यांच्या सोळा वर्षांत असे एकही दार उघडले नाही. कोणा तिसऱ्याचे कणभर भले झाले नाही. आपली लढाई मानाची की न्यायाची, हे ओळखायची एवढी एक खूण वाचकांनी गाठीस बांधावी : माझा जय झाला, तर माझ्याखेरीज आणखी कोणाला सुख होणार आहे काय?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना भगवंतांनी आरंभी अमानित्व घातले आहे. अहिंसा आणि क्षान्ति मागून येतात. हा क्रम आम्हांला पाठशाळेत पाठ होता, पण त्याचे मर्म त्या रात्री कळले. ज्याचा मान सुटला नाही, त्याच्याकडून अहिंसाही नीट होत नाही आणि क्षमाही होत नाही. त्याच्या क्षमेलासुद्धा मानाचा वास येतो.

दुबेरने शेवटी केली ती क्षमा होय की नव्हे? प्राण घेतला नाही, हे खरे. ते थोडे नाही. पण सोडताना त्याने शत्रूला जिवंत मढे करून ठेवले. भागवताच्या पहिल्या स्कंधात अश्वत्थाम्याची कथा आहे, ती आपण आठवू. द्रौपदीचे पाचही पुत्र झोपेत मारून अश्वत्थामा पळाला. अर्जुनाने त्याला पाठलाग करून धरला, दोरीने बांधला आणि द्रौपदीपुढे आणून उभा केला. भीम म्हणतो, मारा. तेव्हा ज्या आईची पाच लेकरे गेली, तीच म्हणते, की सोडा याला. हा गुरूंचा पुत्र आहे, आणि याची आई अजून जिवंत आहे. मी रडते आहे तशी ती रडू नये. मग भगवंतांच्या सूचनेवरून अर्जुन त्याच्या मस्तकावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलून देतो. तेज गेलेला तो अश्वत्थामा जिवंत असून मेल्यासारखाच झाला.

या एकाच कथेत 'सोडणे' दोन प्रकारचे आहे. अर्जुनाने सोडले, पण मणी काढून घेऊन सोडले. त्याला आपली प्रतिज्ञाही राखायची होती, आणि राजधर्म म्हणून अपराध्याला दंड हवाच होता. त्याला आम्ही दोष देत नाही. पण द्रौपदीने सोडले ते काहीही न ठेवून घेता. तिचे लक्ष अपराध्याकडे नव्हतेच, त्याच्या आईकडे होते. क्षमा करणाऱ्याची नजर स्वतःच्या जखमेवरून उठून दुसऱ्याच्या दुःखावर गेली, की ती क्षमा खरी.

दुबेरने पडक्या गढीत केले ते अर्जुनाचे काम. मग त्याच्या हातून द्रौपदीचे काम झालेच नाही काय? झाले. आणि चित्रपटात ते इतके हळूच येऊन जाते, की उत्सुकतेच्या भरात पाहणाऱ्याचे लक्षही जाऊ नये. फेरोचे नाव देहान्ताच्या यादीत लागले होते, हे वर सांगितले. तो सुटला कसा? दुबेर आपण होऊन फूशे नावाच्या मंत्र्याकडे गेला, शब्द टाकला आणि ते नाव यादीतून काढवले. आणि हे फेरोला कळू दिले नाही. ज्याच्यामुळे आपले आयुष्य नासले, तो आपोआप मरत असताना त्याला वाचवले, आणि उपकाराची पावतीही घेतली नाही. त्यानंतर त्याच फेरोने वाचलेल्या त्या प्राणानिशी पुन्हा आव्हान पाठवले, तेव्हाही दुबेर बोलला नाही, की अरे, तू जिवंत आहेस तो माझ्यामुळे! एवढे एक वाक्य बोलला असता तर फेरो लाजेने तिथेच मेला असता. ते त्याने गिळले. आमच्या मते त्या सबंध कथेतला खरा पराक्रम तो.

चित्रपट फेरोच्या एकटेपणावर संपतो. कॉनरॅडची मूळ कथा आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे फेरो वृद्ध, तुटपुंज्या पैशांवर जगणारा, असा उरतो, आणि दुबेर ठरवतो, की याचा अखेरपर्यंत सांभाळ करायचा, पण गुप्तपणे. कारण उघडपणे दिलेले तो कधी घेणार नाही.

हे नुसते कथेतच घडते असे मानू नका. आयर्लंडचा मोठा पुढारी डॅनियल ओकॉनेल याने १८१५ साली द्वंद्वात देस्तेर नावाच्या माणसाला ठार मारले. आव्हान त्याने दिलेले नव्हते, देस्तेरने दिलेले होते. म्हणजे लोकांच्या दृष्टीने ओकॉनेल निर्दोष. पण त्याचे मन त्याला निर्दोष म्हणेना. आपल्या कमाईतला वाटा त्याने त्या विधवेला देऊ केला. तिने तो नाकारला, पण मुलीसाठी नेमणूक घेतली, आणि ती तो मरेपर्यंत, तीस वर्षांवर, देत राहिला. पुढे चर्चमध्ये प्रसाद घ्यायला जाताना ज्या हाताने गोळी झाडली तो उजवा हात तो हातमोज्याने झाकून घेई, असे सांगतात. 'तोच माझ्या अंगावर आला, माझा काय दोष,' हे वाक्य त्यालाही म्हणता आले असते. त्याने म्हटले नाही.

हे वाक्य आम्ही मात्र अकरा वर्षे म्हणत आलो. आता झोप का आली नाही ते सांगतो.

आमचे एक गुरुबंधू आहेत. नाव घेत नाही. एका गुरूंच्या पायाशी बसून आम्ही दोघे शिकलो, एका ताटात जेवलो. एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन बरीच वर्षे आमच्याकडे होते. एका वर्षी ते त्यांच्याकडे गेले. त्या कीर्तनात आमच्या पाठांतराविषयी ते काहीसे खोचक बोलले, असे आम्हांला तिसऱ्याकडून कळले. तेवढ्यावरून अबोला पडला. ते ज्या फडावर, तिथे आम्ही जाईनासे झालो. वारीत त्यांची दिंडी दिसली की आम्ही पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे राहत असू. कोणी विचारले तर शांतपणे म्हणायचे, "आमच्या मनात काही नाही. त्यांचेच काही असेल." लोक म्हणत, बुवा किती सहनशील! आणि ते ऐकायला गोड लागे. व्यासपीठावर उभे राहून अमानित्वावर तास तास बोललो, ते याच तोंडाने.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आम्ही भेटीला गेलो. चार शिष्य बरोबर, शाल, श्रीफळ, फळांची करंडी. अंथरुणाशी बसलो, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "झाले गेले ते आमच्या मनात नाही." एकाने फोटो काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. पश्चात्ताप झाला, असे आम्ही समजलो, आणि समाधानाने घरी आलो.

चित्रपटातल्या त्या पडक्या गढीत फेरो दोन्ही रिकामी पिस्तुले घेऊन उभा राहिला, तेव्हा आम्हांला ती खोली दिसली. त्यांना बोलताच येत नव्हते. आम्ही खोचक बोलणे ऐकले ते खरे होते की खोटे, हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांची बाजू काय होती, ते आता कधीच कळणार नाही. अकरा वर्षे त्यांना तोंड होते तोवर आम्ही गेलो नाही. तोंड गेल्यावर क्षमा घेऊन गेलो! मणी आम्हीही काढून घेतला, आणि वर शाल पांघरली.

अशाने झोप कशी लागावी?

वारकऱ्यांना आमचे सांगणे थोडे आहे. आपल्या पंथात मानाच्या दिंड्या आहेत, मानाचा नारळ आहे, मानाचे कीर्तन आहे. हे मान देवाच्या सेवेचे आहेत, ते सेवेपुरते असू द्यावेत. त्यांपायी जर अबोले पडू लागले, तर टाळ वाजवीत आपण द्वंद्वच खेळतो आहोत असे समजावे. पूर्वजांनी यावर औषध घालून ठेवलेले आहे. वारीत लहान-मोठा, जात-पात न पाहता आपण एकमेकांना माउली म्हणतो आणि एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. ते करताना एक माणूस आपण हटकून चुकवीत असतो. प्रत्येकाला आपापला तो माणूस माहीत आहे. येत्या आषाढीला त्याच्या पायांपासून आरंभ करावा, आणि तो बोलता-चालता आहे तोवर करावा. त्याने उलट काही ऐकवले तर ऐकून घ्यावे. तेवढे ऐकायची तयारी नसेल, तर जाऊ नये.

आणि आम्ही? त्यांच्या घरचे हाल आम्हांला ठाऊक आहेत. मुलगा लहान आहे, कीर्तनाची बिदागी बंद झाली आहे. त्याविषयी आम्ही काय ठरवले, ते इथे लिहीत नाही. लिहिले तर या पानावरून ते त्यांच्या घरी जाईल, चार लोक पुन्हा 'वाहवा बुवा' म्हणतील, आणि पुन्हा तीच शाल अंगावर पडेल. पांडुरंगाला ते कळले म्हणजे झाले.

अलं विस्तरेण. रामकृष्णहरी.